नुसती उभी होते

हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. कॉलेजने तिला एका मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीच्या जेवणाची सर्व्हिस पाहायला पाठवलं. काम करायचं नव्हतं, फक्त निरीक्षण. साडेसातला पोहोचली, साडेदहाला निघाली, मधले तीन तास वही घेऊन साइडबोर्डजवळ, म्हणजे वेटरांचं सामान ठेवायच्या कपाटाजवळ, उभी होती. एका बाईंनी तिला खुणावून पाणी मागितलं, तेव्हा ती 'मी इथली नाही' म्हणून मागे सरकली. वेटरांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टनने ते पाहिलं. पुढे एका टेबलवर जेवण उशिरा आलं म्हणून एक गेस्ट वेटरवर चिडले. उशीर किचनमधून झाला होता, तरी माफी वेटरने मागितली. अवघडून तिने नजर दुसरीकडे वळवली. नंतर तोच वेटर किचनच्या दारामागे सहकाऱ्याशी हसत बोलताना तिला दिसला आणि सगळंच खोटं वाटलं. पुस्तकात 'डावीकडून वाढावं' असं आहे, तिथे मात्र प्लेट उजवीकडून ठेवत होते. वहीची चार पानं भरली, पण ती नुसती वस्तूंची यादी आहे. अहवाल दहा दिवसांत द्यायचा आहे. घरचे म्हणतात, 'प्लेटा उचलायला कॉलेज कशाला लागतं?' तिचे प्रश्न असे: हे काम लाचारीचं आहे का? मी या क्षेत्राची नाहीच का? किचनकडे वळू का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'मी नुसती उभी होते' हे शब्द त्यात तीन ठिकाणी आले आहेत, आणि तिन्ही वेळा स्वतःला बोल लावल्यासारखे. मला तिथूनच सुरुवात करायची आहे. लाचारी, किचन, घरच्यांचं बोलणं हे सगळे प्रश्न त्या 'नुसती'मधून निघालेले दिसतात.

त्या रात्री हॉलमध्ये आणखी कोण कोण उभं होतं, आठवून बघ. तुझ्याच साइडबोर्डपाशी एखादा वेटर हात मागे घेऊन उभा असेल. दाराशी होस्टेस असेल. सगळा हॉल नजरेत येईल अशा जागी कॅप्टन उभा होता. भरलेल्या हॉलच्या गडबडीत कोपऱ्यातली एक मुलगी अर्धं पाऊल मागे सरकली, हे त्या माणसाला दिसलं. ते पाहिलं तेव्हा तोही उभाच होता.

वेटर चालताना लक्षात येतो, म्हणून चालणं हेच त्याचं काम असं पाहणाऱ्याला वाटतं. पण कुठे जायचं, कधी जायचं, आधी कुणाकडे जायचं, हे तो उभा असतानाच ठरवत असतो. कुणी काटा आणि सुरी प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे जेवण झालं. कुणी ती वेगवेगळ्या दिशेला टेकवून ठेवली, म्हणजे अजून खायचंय, मध्ये बोलायला थांबलेत. कुणी मेन्यू मिटून टेबलाच्या कडेला सरकवला. कुणी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. कुणाचं मूल पेंगायला लागलं आहे आणि आईची नजर बिल आणणाऱ्याला शोधते आहे. हे टिपायला एका जागी स्थिर उभं राहावं लागतं.

एके काळी एवढं पाहायची गरजही नव्हती. युरोपात श्रीमंतांच्या घरी जुनी फ्रेंच पद्धत अशी होती की एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे, तेही नक्षी काढल्यासारखे, आणि ज्याने त्याने आपापलं घ्यायचं. थाट मोठा, पण खाईपर्यंत बरंचसं गार झालेलं. एकोणिसाव्या शतकात तिकडे रशियन पद्धत रुळत गेली: एकामागून एक पदार्थ, प्रत्येकाला वाढलेला. आज तुम्ही 'कोर्स' म्हणून शिकता तो क्रम तिथून आला. या बदलाने वाढणाऱ्यावर एक नवीनच जबाबदारी पडली. पहिला पदार्थ संपत आला की दुसरा निघायला हवा, म्हणजे जेवणाऱ्याच्या वेगावर कुणाचं तरी लक्ष हवं. टेबलापासून चार पावलांवर उभा असलेला माणूस तेव्हापासून गरजेचा झाला.

हे लक्ष फक्त वेळेपुरतं नसतं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरने रेस्टॉरंटमध्ये जेवताना होणाऱ्या अचानक मृत्यूंबद्दल लिहिलं. जेवता जेवता माणूस गप्प होतो आणि कोसळतो, सगळ्यांना वाटतं हृदयविकाराचा झटका आला. प्रत्यक्षात घास श्वासाच्या वाटेत अडकलेला असायचा. या प्रकाराला 'कॅफे कोरोनरी' असं नाव पडलं. बेंबीच्या वर दाब देऊन तो घास बाहेर काढण्याची पद्धत हेन्री हाइम्लिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडली. घास पूर्ण अडकला तर माणसाला ओरडता येत नाही, धड खोकताही येत नाही. शेजारी बसलेले गप्पांत असतात. गळ्याकडे गेलेला हात आधी दिसतो तो बहुतेक वेळा भिंतीशी उभ्या असलेल्याला. तुमच्या कॉलेजात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असेल तर नाव नोंदव. नसेल तर मागणी कर, आणि वर्गातल्या इतरांनाही करायला लाव.

आता ते डावं-उजवं. तू ते 'तिथल्या लोकांची चूक' म्हणून टिपलं आहेस आणि पुढे लिहिलं आहेस की अहवालात घालायला भीती वाटते. मला विचारशील तर तुझ्या चार पानांतली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. फक्त तिच्यापुढे 'का?' लिहायचं राहून गेलं.

डावीकडून वाढण्याचा नियम सिल्व्हर सर्व्हिसमधला आहे. तिथे वेटरच्या डाव्या हातावर प्लॅटर असते, उजव्या हातात चमचा आणि काटा, आणि तो गेस्टच्या पुढ्यातल्या प्लेटमध्ये वाढतो. गेस्टच्या डाव्या बाजूने वाकलं की प्लॅटर प्लेटच्या कडेशी आणता येते आणि उजवा हात मोकळा राहतो. एकदा स्वतः ट्रे घेऊन उलट्या बाजूने करून बघ, कोपर कुठे जातो ते लगेच कळेल. पेय उजवीकडून देतात, कारण ग्लास गेस्टच्या उजव्या हाताला ठेवलेले असतात. डावीकडून ओतायचं तर त्यांच्या तोंडासमोरून हात न्यावा लागतो. पण किचनमध्येच प्लेट मांडून आणली असेल, तर टेबलाशी वाढायचं काही उरतच नाही, प्लेट ठेवायची असते. ती कित्येक हॉटेलांत उजवीकडून ठेवतात, कारण रिकामी प्लेटही त्याच बाजूने उचलायची असते. काही ठिकाणी डावीकडूनच ठेवतात. प्रत्येक हॉटेलचा आपला नियम असतो. भिंतीला लागून असलेल्या टेबलवर तर दोन्ही नियम बाजूला ठेवून गेस्टला सर्वांत कमी त्रास होईल त्या बाजूने जावं लागतं. तेव्हा पुस्तक चुकलेलं नव्हतं आणि तो वेटरही चुकला नव्हता. दोघं दोन वेगळ्या सर्व्हिसबद्दल बोलत होते. हे अहवालात निर्धास्तपणे लिही. कोणत्याही शिक्षकाला असं वाचायला आवडेल.

तू साडेसातला पोहोचलीस. तोवर निम्मं काम होऊन गेलेलं असतं, आणि तू पाहिलेला शांतपणा त्यातूनच आलेला असतो. कटलरी गरम पाण्यातून काढून, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून झालेली असते. कव्हर, म्हणजे एकेका माणसाची प्लेट-कटलरीची मांडणी, लागलेली असतात, एकेका माणसाला टेबलाची साधारण ६० सेंटिमीटर रुंदी मिळेल अशी. साइडबोर्डमध्ये नॅपकिन, जादा चमचे, मीठ-मिरी, सॅल्व्हर (छोटे ट्रे) भरून ठेवलेले असतात, म्हणजे ऐन गर्दीत कुणाला धावावं लागू नये. ही सगळी मीझाँ प्लास, म्हणजे सर्व्हिसच्या आधीची तयारी. मग दहा-पंधरा मिनिटांची ब्रीफिंग: आज काय संपलंय, कुणाचं बुकिंग आहे, कोणतं स्टेशन, म्हणजे टेबलांचा गट, कुणाकडे, कोणत्या टेबलवर कुणाला कशाची ॲलर्जी आहे.

ॲलर्जीशी थोडं थांबते, कारण 'हे काम कुणीही करेल' असं म्हणणाऱ्यांना याची कल्पना नसते. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटलासुद्धा १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गेस्टला द्यावी लागते. अमेरिकेत पाकीटबंद पदार्थांसाठी जी यादी आहे तिच्यात आठ होते, १ जानेवारी २०२३ पासून तीळ धरून नऊ झाले. अमुक पदार्थात अमुक आहे का, असं गेस्टने विचारल्यावर 'नसावं बहुतेक' म्हणणारा वेटर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. 'विचारून सांगतो' म्हणून आत जाणारा आणि खरोखर विचारून येणारा वेटर त्याच्यापेक्षा फार वरच्या दर्जाचा. दोघांमधला फरक कोपऱ्यात उभं राहून दिसतो. आत गेलेला माणूस शेफशी बोलला, की दारामागे क्षणभर थांबून परत आला?

पाण्याबद्दल. हा प्रसंग तुझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलाय, म्हणून मी माझंही सांगते.

माझ्या पहिल्या निरीक्षणाच्या दिवशी मला तुझ्या अगदी उलट झालं. काहीतरी करून दाखवायची फार घाई होती. एका टेबलवर एक वृद्ध गृहस्थ एकटेच जेवत होते. त्यांनी काटा-सुरी खाली ठेवली आणि खिशातून चष्मा काढायला लागले. मला वाटलं झालं जेवण. मी कुणालाही न विचारता पुढे झाले आणि प्लेट उचलली. अर्ध्याहून जास्त अन्न तिच्यात होतं. ते काही बोलले नाहीत, फक्त प्लेटकडे पाहत राहिले. मी प्लेट परत ठेवली, पण त्यांनी पुढे चमचाही लावला नाही. इतकी वर्षं झाली, ती नजर मी विसरलेले नाही. त्यांच्या काट्या-सुरीने मला स्पष्ट सांगितलं होतं की मी थांबलोय, संपवलेलं नाही. मी पाहिलंच नव्हतं.

तुझ्या हातून यातलं काही झालं नाही. तू गेस्टला खरं सांगितलंस, फक्त अर्धंच सांगितलंस. 'मी इथली नाही' हे खरं होतं, पण त्या बाईंना तू कोण आहेस हे जाणून घ्यायचं नव्हतं, पाणी हवं होतं. पुढच्या वेळी एवढंच म्हण: 'हो, लगेच सांगते.' आणि ज्याचं ते स्टेशन असेल त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात टेबल नंबर आणि मागणी सांग: 'सात नंबर, पाणी.' लांबून हाक मारू नकोस. मग पाणी खरंच गेलं का, ते बघ. स्वतः जग उचलून ओतायला जाऊ नकोस. साधं पाणी हवंय की बाटलीबंद, तिथे कोणतं कसं देतात, बिलात काय लागतं, हे तुला माहीत नाही, आणि तुला त्या रात्री कामाची परवानगीही नव्हती. जाण्यापूर्वी कॅप्टनला विचारून ठेव: 'एखाद्या गेस्टने मला काही मागितलं तर कुणाला सांगू?' हा प्रश्न निरीक्षणाला जाणाऱ्या प्रत्येकाने दारातच विचारावा. कॉलेजने तो आधी सुचवायला हवा होता. तुझ्या छातीवर 'प्रशिक्षणार्थी' असा बॅज असता तर त्या बाईंनी बहुधा दुसऱ्या कुणाला खुणावलं असतं. यातली बरीचशी चूक व्यवस्थेची आहे आणि ती तू एकटीने अंगावर घेतली आहेस.

आता ती माफी, आणि ते हसणं.

तू लिहितेस, 'चूक त्याची नव्हती, तरी त्याने मान खाली घातली, म्हणजे या कामात स्वाभिमान उरत नाही.' या वाक्यात तू धरून चालली आहेस की माफी मागणं म्हणजे चूक कबूल करणं. चिडलेल्या गेस्टसाठी किचन, कॅशियर आणि वेटर असे तीन वेगळे पक्ष नसतात. त्यांच्यासमोर एक हॉटेल उभं असतं आणि त्या क्षणी त्याला चेहरा वेटरचा असतो. 'किचनने उशीर केला' म्हटलं तर वेटर सुटतो, गेस्ट मात्र तितकेच उपाशी राहतात. वर त्यांना कळतं की इथली माणसं एकमेकांवर ढकलतात. 'माफ करा, उशीर झालाय' हे हॉटेलच्या वतीने म्हटलेलं वाक्य आहे.

माफीला वजन असतं की नाही, हे पुढच्या पाच मिनिटांत कळतं. तो आत जाऊन पासवर, म्हणजे तयार पदार्थ बाहेर देतात त्या कट्ट्यावर, विचारून आला का? किती वेळ लागेल ते त्याने गेस्टला आकड्यात सांगितलं का? त्या वेळात परत आला का? मधल्या काळात टेबलवर काही नेलं का? ही माणसं आता चिडलेली आहेत, हे त्याने कॅप्टनच्या कानावर घातलं का? हे सगळं त्याने केलं असेल तर ती कसबी माणसाची माफी होती. यातलं काहीच केलं नसेल, नुसती मान खाली घालून तो सटकला असेल, तर तुला लाचारी दिसली ती खरीच होती. पण आपल्याला हे सांगता येत नाही, कारण तू अवघडून दुसरीकडे पाहिलंस. ते साहजिक आहे, कुणावर आवाज चढला की आपण नजर वळवतोच. या कामात मात्र नेमकं तिथेच पाहावं लागतं, आणि ते सवयीने जमतं.

हसण्याचं म्हणशील तर, किचनचं दार हे त्या माणसासाठी मोठं दार आहे. त्याच्या एका बाजूला तीस माणसांचे डोळे, दुसऱ्या बाजूला आपली माणसं. पुढच्या मिनिटाला त्याला दुसऱ्या टेबलवर जायचं होतं, आणि तिथे बसलेल्यांनी त्याचं काहीच बिघडवलं नव्हतं. आधीच्या टेबलचा राग तो त्यांच्यापर्यंत कसा नेणार? दाराआड दोन वाक्यं बोलून तो मोकळा झाला असेल. कदाचित गेस्टची टिंगलही करत असेल, तसंही होतं, आणि ते मला आवडत नाही. पण तू ऐकलं नाहीस, फक्त पाहिलंस. अहवालात 'तो हसला' एवढंच लिही. 'तो खोटा होता' हा तुझा निष्कर्ष आहे, तो वेगळ्या ओळीवर जाऊ दे.

तरीही सगळं आलबेल आहे असं मी तुला सांगणार नाही. उशिरा आलेल्या जेवणाबद्दल माफी मागणं एक आणि शिवीगाळ गिळणं वेगळं. अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, जात-रंग-रूपावरून टोमणे मारणं, हे सोसणं कोणत्याही सर्व्हिसचा भाग नाही. अशा वेळी वेटरने मागे व्हायचं आणि कॅप्टन किंवा मॅनेजरने टेबल आपल्याकडे घ्यायचं, ही चांगल्या ठिकाणची रीत आहे. म्हणून पुन्हा कधी आवाज चढलेला ऐकलास तर वेटरकडे बघच, पण त्याहून जास्त कॅप्टनकडे बघ. तो टेबलाकडे निघाला का? की त्याने पाठ फिरवली? जिथे वरिष्ठ पाठ फिरवतात तिथे ट्रेनिंगला जाऊ नकोस, नोकरीला तर नाहीच. तुझ्या मैत्रिणींनाही हे सांग. हॉटेल किती मोठं आहे यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

किचनकडे वळावं का? वळावंसं वाटलं तर जरूर वळ, पण गेस्टच्या नजरेतून सुटायचं म्हणून नको. फ्रेंच शेफ एस्कॉफिए यांनी १८९० नंतर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात किचनची जी शिस्तबद्ध उतरंड बसवली, तिचा सांगाडा आज बहुतेक मोठ्या किचनमध्ये आहे, आणि त्या उतरंडीत सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला वेटरपेक्षा कमी ऐकून घ्यावं लागतं असं काही नाही. तुला हाताने काही बनवत राहण्याची ओढ असेल, एकच गोष्ट दहा वेळा करून अकराव्यांदा सुधारावीशी वाटत असेल, तर किचन तुझं आहे. पत्रात मला तशी एकही ओळ दिसली नाही. माणसांबद्दल मात्र पानभर लिहिलं आहेस. पुढे इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्ये सगळ्या विभागांत फिरायला मिळेल. निर्णय तोवर थांबला तर काही बिघडत नाही.

घरच्यांसाठी लोक सेझार रिट्झचं उदाहरण देतात. स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात १८५० मध्ये जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा, तरुणपणी वेटर होता, आणि १८९८ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्या नावाचं हॉटेल उघडलं. खरी गोष्ट आहे, सांगायची तर सांग. मला मात्र त्यात एक खोच दिसते. वेटरचं काम पुढे मालक झालं तरच मानाचं, असा तिचा अर्थ निघतो. त्यापेक्षा घरच्यांना ॲलर्जीचं सांग. केओटीच्या, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, तीन प्रती कुठे कुठे जातात ते सांग: एक किचनला, एक कॅशियरला, एक वेटरकडे, टेबल नंबर चुकला तर तिन्हीकडे घोळ होतो. आणि घरी चार माणसं जेवायला बसली की एकदा कुणालाही काही न विचारता त्यांना वाढून बघ. कुणाला काय हवंय, कधी हवंय, फक्त पाहून. 'यात शिकायचं काय' याचं उत्तर त्यांना शब्दांशिवाय मिळेल.

अहवालाला दहा दिवस आहेत, म्हणून आधी शिक्षकांकडून परवानगी घेऊन त्याच ठिकाणी आणखी एकदा जा. हे करता आलं तर बाकी सगळं सोपं होईल. आठवड्याच्या मधला, कमी गर्दीचा दिवस माग. तासभर आधी पोहोच आणि ब्रीफिंगला मागे उभं राहता येईल का ते विचार. बहुतेक कॅप्टन नाही म्हणत नाहीत. विचारणारे विद्यार्थीच कमी असतात.

या वेळी सगळा हॉल पाहू नकोस. एकच टेबल निवड, लोक बसल्यापासून उठेपर्यंत. मिनिटांसकट लिही. समज, ८.१० ला बसले. ८.१२ ला पाणी. ८.१३ ला मेन्यू. ८.२१ ला मेन्यू मिटले. ८.२६ ला ऑर्डर घेतली. आता मेन्यू मिटल्यापासून ऑर्डरपर्यंतच्या पाच मिनिटांत तो वेटर कुठे होता ते शोध. चार नंबरच्या बिलाशी अडकला होता? मग एका वेटरकडे किती टेबलं होती? दुसरं कुणी ऑर्डर घेऊ शकलं असतं का? एका टेबलच्या पाच मिनिटांतून तुला स्टेशनची वाटणी, माणसांची कमतरता, कॅप्टनची नजर, सगळं हाती लागेल. आधीच्या यादीत काट्यांचे प्रकार होते, ते पुस्तकातही आहेत. ही पाच मिनिटं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

जमलं तर थोडा वेळ वेटरच्या डोळ्यांवर लक्ष ठेव. प्लेट घेऊन जाताना तो हातातल्या प्लेटकडे पाहतो की वाटेतल्या टेबलांकडे? परत येताना त्याचे हात रिकामे असतात का? जुने लोक शिकवतात की हॉलमधून आत जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, काही ना काही उचलूनच जायचं. हा नियम कोण पाळतं आणि कोण नाही, हे अर्ध्या तासात समजतं.

बारीकसारीक गोष्टीही सांगते, कारण याच गोष्टी निरीक्षणाला आलेल्यांना घालवून देतात. किचनला अनेक ठिकाणी दोन दारं असतात, एक आत जायचं, एक बाहेर यायचं; कोणतं कुठलं ते आधी पाहून घे आणि दोन्हींच्या वाटेत उभी राहू नकोस. फोन बॅगेत ठेव. गेस्टचे फोटो नाहीत, वहीत त्यांची नावं नाहीत, फक्त टेबल नंबर. दोन टेबलांच्या मध्ये उभं राहून लिहू नकोस. कोपऱ्यात दोन शब्द टिप, सविस्तर घरी लिही. भिंतीला टेकायचं नाही, हाताची घडी नाही. बूट बंद आणि न घसरणारे, नवे कोरे नकोत. तीन तास उभं राहिल्यावर पाय काय म्हणतात हे तुला आता माहीत आहेच.

अहवालात जुनी यादी एका पानात शेवटी जोड. बाकीची पानं तीन प्रसंगांना दे: पाणी, डावं-उजवं, आणि ती माफी. पाण्याच्या प्रसंगातलं स्वतःचं वागणं लपवू नकोस, जसं झालं तसं लिही आणि मग काय करायला हवं होतं ते लिही. शिक्षक निरीक्षणासाठी पाठवतात ते यासाठीच.

सर्व्हिस संपल्यावर लगेच निघू नकोस. टेबलं आवरत असताना त्या वेटरला, जर तोच असेल तर, आधी त्याचा वेळ आहे का ते विचार आणि मग सरळ प्रश्न कर: त्या दिवशी उशीर झाल्यावर तुम्ही आत जाऊन शेफला काय म्हणालात? त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घे. लिहायला मुभा आहे ना, हेही विचारून घे. आणि जाण्याआधी घरून पोटभर जेवून जा, रात्री साडेदहापर्यंत तुझ्यासमोरून फक्त दुसऱ्यांच्या प्लेट जाणार आहेत.